का हलते, ते सांग ने

ऑफिसातले किस्से सातबाऱ्यावरच्या नावांसारखे असतात. मूळ माणूस एकच, पण दर वर्षी नवे वारस लागत जातात आणि जुनं नाव काही कमी होत नाही. आमच्या ऑफिसात तर आम्ही तिघंच होतो. आता मी तलासरीला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. तिथे दोनशे माणसं आहेत, आणि इतक्या वर्षांत सांगण्यासारखा एक किस्सा घडलेला नाही!

आमचं ऑफिस डहाणूला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. काम वेबसाइट बनवायचं. मालक हर्षदभाई. कोड लिहिणारा संदीप, कैनाडचा, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा. आणि डिझाइन करणारी मी, मनीषा. ती इमारत आता पाडली, तिथे नवीन उभी राहिलीय. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा मान वर करून आमची खिडकी शोधते आणि मग स्वतःलाच हसते.

भाई मूळचे लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्या हातून गेलेली. त्यांच्या कॅसेटमध्ये नवरी बदामात गोल फिरायची, नवरा कमळातून उगवायचा आणि दोन्हीकडचे मामा पतंगावर बसून यायचे. वेबसाइटचा धंदा सुरू केला तेव्हा कमळ आणि पतंग तेवढे मागे राहिले, हात तोच राहिला. मी एखादं साधं पान करून दाखवलं की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "मनीषाबेन, फोटो तर भिंतीवर पण असते. जरा हलव ने."

हे किस्से सांगायला बसलं की सगळे फिरून भाईंच्या खुर्चीपाशी येतात. ती खुर्ची ऑफिसात राहणार की उचलली जाणार, या काळजीत आम्ही एक आख्खं वर्ष काढलंय. पण त्याच्या आधीचे दिवस मजेचे होते, तिथूनच सुरुवात करते.

* * *

आमचं एक सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे एक फरसाणवाले शेठ. त्यांना साइट दाखवायला बोलावलं तेव्हा खाली गिरणीत बाजरीचं दळण चाललं होतं. गिरणी चालू असली की आमची फरशी थरथरायची, फरशीबरोबर टेबल, आणि टेबलाबरोबर लॅपटॉप. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की कळायचंही नाही.

शेठ स्क्रीनवरच्या फाफड्याकडे बघत बसले. मग खूश होऊन म्हणाले की ही जी थरथर घातलीय ना, ती फार छान आहे, आत्ताच कढईतून काढल्यासारखं वाटतं. भाईंनी आमच्याकडे बघितलं, आम्ही भाईंकडे. शेठ साइट पास करून गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन. घरी साइट उघडली तर फाफडा थंड पडलाय, म्हणे.

मग काय, संदीपने दोन दिवस खपून ती थरथर मुद्दाम बनवली. शेठना पुन्हा बोलावलं. शेठ आले, बसले, आणि नेमकं त्याच वेळी खाली कोणीतरी दळण टाकलं. आता संदीपची थरथर आणि गिरणीची थरथर एकत्र झाली. शेठनी बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

"आता जास्त तळला गेलाय."

* * *

घोलवडच्या रस्त्याला एका बागायतदारांची चिकूची वाडी होती. वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या काढलेल्या. भाईंनी ठरवलं की पान उघडलं की वरून चिकू पडले पाहिजेत. नुसते पडायचे नाहीत, जमिनीवर आपटून एकदा उसळले पाहिजेत आणि मग गडगडत गेले पाहिजेत. संदीपने तसं केलं. भाईंनी ते किमान चाळीस वेळा बघितलं असेल. दर वेळी शेवटचा चिकू थांबला की टेबलावर थाप मारायचे.

आठ दिवसांनी बागायतदार स्वतः आले. शांत माणूस. पाणी प्यायले आणि मग सांगायला लागले. मुंबईचं एक कुटुंब त्यांच्याकडे राहायला निघालेलं. रस्ता चुकून एका फाट्यावर उन्हात उभं राहिलं. साइट उघडून फोन नंबरावर बोट ठेवायला गेले, तर नंबरावर चिकू येऊन बसला. बोट चिकूवर पडलं आणि चिकू चिप्सची माहिती उघडली. परत मागे आले, परत चिकू पडले, परत चिप्स. तिसऱ्या खेपेला त्यांनी चिप्सची माहिती मन लावून वाचली आणि शेजारच्या वाडीत मुक्कामाला गेले.

भाई कानकोंडे झाले. पण बागायतदारांचं खरं दुखणं ते नव्हतंच.

"तो पाहुणा गेला, जाऊ द्या," ते म्हणाले. "पण चिकू आम्ही काठीच्या जाळीत अलगद उतरवतो. जो आपल्या आपण खाली पडतो, तो बाजारात पाठवत नाही, म्हशीला घालतो. तुम्ही माझ्या गिऱ्हाइकाला दारातच म्हशीचे चिकू दाखवताय."

आम्ही तिघंही या भागातले, चिकूवर वाढलेले, आणि एकाच्याही हे लक्षात येऊ नये! त्या दिवशी सगळे चिकू काढले. एकच ठेवला. नंबरावर बोट ठेवलं की तो हळूच जाळीत उतरायचा, म्हणजे फोन लागतोय हे कळायचं. ती साइट पुढे बरीच वर्षं तशीच होती.

* * *

हा किस्सा छोटा आहे. हृदयाचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे. त्यांच्या साइटवर आम्ही मधोमध लालभडक, धडधडणारं हृदय ठेवलं. ऑफिसात ते काय झकास धडधडायचं!

पण डॉक्टरांचे पेशंट पूर्वेच्या डोंगरपट्टीतले. तिकडे फोनला नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. हृदय दोन ठोके देई आणि थांबे. मग त्याच्यावर ते गोल फिरणारं चक्र येई. एक म्हातारेबुवा तर ते बघून अपॉइंटमेंट न घेता थेट छातीला हात लावून दवाखान्यातच आले.

डॉक्टरांचा फोन आला, आवाज अगदी सौम्य. "मी औषध देऊन चालू ठेवतो, आणि तुम्ही नेटवर्कने बंद पाडता."

* * *

मग ते वर्ष आलं. आधी लक्षात आलं ते संदीपच्या. तो म्हणाला, "ताई, भाई हल्ली बघत नाहीत." एवढंच बोलून तो परत कामाला लागला.

मी नीट लक्ष ठेवलं, तर खरंच. जो माणूस चिकू चाळीस वेळा बघायचा, तो आता साइट दाखवायला घेतली की खुर्ची खिडकीकडे वळवायचा आणि म्हणायचा, तू सांग, मी ऐकतो. मला वाटलं, रागावलेत. चिकूपासून आम्ही त्यांचे इफेक्ट काढायला लागलो होतो, त्याचा राग असेल. मी दोन दिवस त्यांच्याशी जरा गुळमुळीतच बोलले.

तिसऱ्या दिवशी मी एका रिसॉर्टचं पान त्यांच्या समोरच धरलं. डोंगर सावकाश सरकायचे, ढग भराभर जायचे, आणि अक्षरं मधून तरंगत यायची. भाईंनी दोन्ही हातांनी टेबल पकडलं. चहाचा कप कलंडला. त्यांच्या कपाळावर घाम आलेला. संदीपने लॅपटॉप झाकला आणि पंख्याकडे धावला. मी नुसती उभी. इतकी वर्षं बरोबर काम करून मला कळलं नव्हतं, याची लाज वाटली.

कानाच्या डॉक्टरांनी आतल्या भागात दोष सांगितला होता. समोर काही सरकलं, फिरलं की गरगरायचं. कमी होईल, पण जाणार नाही, म्हणाले होते. भाईंनी हे सहा महिने लपवलं होतं, आमच्यापासूनही आणि मुलापासूनही. मुलगा जिग्नेश वलसाडला इंजिनियर. बेन, म्हणजे त्याची आई, गेल्यापासून भाई इथे एकटे, त्यामुळे तो आधीपासूनच मागे लागलेला, की पप्पा, दुकान बंद करा आणि इकडे या. आता हे कळलं तर तो थांबणार नव्हता.

"तिकडे जाऊन काय करू?" भाई म्हणाले. "सोफ्यावर बसून टीव्ही पण बघता येत नाय. इथे साइट पास करतो तोपर्यंत मी आहे. ज्या दिवशी पास करता येणार नाय, त्या दिवशी तुम्हीच खुर्ची उचला."

त्यांनी पास केल्याशिवाय ऑफिसातून एकही साइट कधी गेली नव्हती. आता ती कशी पास व्हायची, हा प्रश्न आम्हा तिघांचा झाला.

* * *

उपाय भाईंनीच काढला. ते खिडकीकडे तोंड करून बसणार, आणि आम्ही पानावर काय काय हलतंय ते तोंडाने सांगणार.

पहिल्या दिवशी सांगायला संदीप बसला. वीस शब्दांचा माणूस! तो ग्रामसभेचा ठराव वाचल्यासारखं सांगायला लागला.

"डावीकडून पाटी आली."

"का आली?"

"आली, भाई."

"कोणी बोलावली?"

"कोणी नाय."

"मग परत पाठव तिला."

तासाभरात अर्धं पान परत गेलं. उजवीकडून येणारे फोटो गेले, फिरणारा लोगो गेला, उगाच उड्या मारणारी बटणं गेली. बघताना जे भारी वाटायचं, ते तोंडाने सांगायला लागलं की आपल्यालाच ओशाळं व्हायचं. मामांना पतंगावर बसवणारा माणूस आता प्रत्येक गोष्टीला विचारायचा, "का हलते, ते सांग ने." सांगता आलं तर राहायचं, नाही तर जायचं. आणि जे राहील त्याने पाच सेकंदांत गप बसायचं. त्याच्या वर ऐकताना पण गरगरते, म्हणायचे.

त्याच सुमाराला संदीपने आणखी एक गोष्ट दाखवली. फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं एक बटण असतं. ज्याने ते दाबलेलं आहे त्याला आपली साइट स्थिर दिसावी, अशी सोय करता येते. भाईंच्या फोनवर त्याने ते दाबून दिलं. भाईंनी खूप दिवसांनी एक आख्खी साइट स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, न हलणारी.

"म्हणजे असे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत?"

"आहेत, भाई. म्हणून तर बटण केलंय."

भाईंनी फोन टेबलावर ठेवला. म्हणाले की आपण इतकी वर्षं त्या सगळ्यांना चक्कर आणली. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून आमची प्रत्येक साइट दोन तऱ्हेची झाली, एक हलणारी आणि एक स्थिर. स्थिर असेल ती भाई बघायचे, हलणारी ऐकायचे.

* * *

पण सगळंच काढून टाकायचं, असं झालं नाही. उधव्याकडच्या एका शाळेचा प्रवेशाचा फॉर्म आम्ही साइटवर ठेवला होता. नव्या शिस्तीत, एकदम साधा. काहीही हलत नाही. आम्ही खूश.

शाळेतून फोन आला की एकाच मुलीचे अकरा अर्ज आलेत. दुसऱ्या एका मुलाचे चौदा. पालक बटण दाबायचे, नेटवर्क कमी असल्याने पान तसंच राहायचं, म्हणून परत दाबायचे. बिचाऱ्यांना अर्ज गेला की नाही ते कळतच नव्हतं.

भाईंना सांगितलं. ते म्हणाले की इथे हलायलाच पाहिजे, माणूस विचारतोय आणि आपण गप बसलोय. काय हलवायचं, हे मात्र संदीपने सुचवलं. म्हणाला, "शिक्का." शिक्का पडल्याशिवाय कुठलं काम झालं असं आपल्याकडे कोणाला वाटतं? मग बटण दाबलं की शाईचा गोल शिक्का वरून यायचा, कागदावर दाबला जायचा आणि उठायचा. खाली लिहिलेलं, अर्ज मिळाला. एक सेकंदाचं काम, आणि दुसऱ्या दिवसापासून एका मुलाचा एकच अर्ज यायला लागला. आम्ही एकमेकांना चहा पाजला.

फक्त एका मुलाचे वडील शाळेत फोन हातात धरून आले. सकाळपासून त्यांनी तो बंद होऊ दिला नव्हता, चार्जरला लावून बसले होते. शिपायाला विचारत होते, "गोल शिक्का पडला, पण चौकोनी कधी पडायचा?"

* * *

गंजाडच्या बायकांचा एक गट चित्रं काढून विकायचा, त्यांची साइट आमच्याकडे आली. गटातल्या थोरल्या काशीआजी. साइट उघडेपर्यंत काहीतरी दिसायला हवं, म्हणून मी तारपा नाच घेतला. एकमेकांच्या कमरेत हात घातलेली माणसं, गोल फिरणारी. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी भाईंना सांगताना दोनदा सांगितलं. का हलते, तर साइट येतेय म्हणून. भाईंनी पास केलं.

मी आणि संदीप बाइकवरून गंजाडला दाखवायला गेलो. काशीआजी अंगणात बसलेल्या, बोटांना तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. फोन जवळ घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "ही उफराटी कुठं चालली?"

मी बघितलं, तर खरंच सगळी माणसं मागे मागे चाललेली! चक्र फिरवताना मी दिशा उलटी लावली होती. मी म्हटलं, ते सरळ करते. पण आजींचं अजून संपलं नव्हतं.

"तारपा कुठंय?"

तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, आणि ते वाजवणारा नाचाच्या मधोमध असतो; त्यालाच मी काढला होता. फोनच्या एवढ्याशा गोलात मधला माणूस गर्दी करत होता, म्हणून.

"बाय, वाजवणारा वळंल तिकडं सगळी वळतात. त्याला पाठ नाय दाखवायची," आजी म्हणाल्या. "तुझी माणसं नुसती गरगरतात. त्यांना कुठं जायचं ते कोण सांगंल?"

परत येऊन हे भाईंना सांगितलं, तर ते हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, ही बाई माझ्यासारखंच विचारते, तिला आपल्या ऑफिसात आण. मग वाजवणारा मध्ये आला, माणसं सरळ चालायला लागली, आणि वेग आजींच्या पायाने ठरवला. त्या फोन बघत पाय हलवायच्या आणि संदीप आकडे बदलायचा.

साइट झाली तेव्हा त्यांना परत दाखवली. त्या दिवशी नेटवर्क कधी नव्हे ते चांगलं होतं. नाच सुरू झाला आणि लगेच चित्रं उघडली. आजी नाराज.

"नाच रंगायच्या आधीच दुकान उघडलं."

* * *

त्याच साइटचा शेवटचा दिवस. चित्रांमध्ये थोडी थोडी हालचाल ठेवायची, असं गटाचं म्हणणं होतं, म्हणून ती घातली होती. भाईंनी पास केली की साइट चालू व्हायची. काशीआजी गटातल्या दोघींना घेऊन सकाळच्या बसने डहाणूला आल्या होत्या. मी, संदीप, त्या तिघी, आमच्या एवढ्याशा खोलीत दाटी झालेली.

तेवढ्यात भाई आले, आणि त्यांच्या मागे जिग्नेश. त्याला भाईंच्या गरगरण्याचं कोणीतरी सांगितलं होतं. तो पहाटेच वलसाडहून निघून आला होता, घरी जाऊन वडिलांची बॅग भरली होती, आणि ती खाली गाडीत ठेवलेली होती. भाईंचं तोंड उतरलेलं. ते एवढंच म्हणाले की आज ही साइट पास करायची आहे, तेवढी होऊ दे.

जिग्नेश वाईट मुलगा नव्हता, हे सांगायला हवं. वडील घरात एकटे असताना पडले तर काय, ही त्याची भीती होती आणि ती खरी होती. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला.

भाईंनी सवयीने खुर्ची खिडकीकडे वळवली.

"पप्पा, स्क्रीन इकडे आहे," जिग्नेश म्हणाला.

भाईंनी खुर्ची वळवली नाही, तेव्हा त्याला सगळं कळलं. त्याने मला विचारलं की हे किती दिवस चाललंय. मी सांगितलं. खोटं बोलायला जीभ उचलली नाही. तो चिडला, पण आवाज चढवला नाही. म्हणाला की लोक विश्वासाने काम देतात, आणि तुम्ही पाठ करून ते पास करता, हे बरोबर आहे का? भाईंनी मान खाली घातली. संदीप कीबोर्डकडे बघत होता. मला वाटलं, संपलं, आता खुर्ची उचलायची वेळ आली.

काशीआजींना आमच्यातलं काय समजलं, कोण जाणे. त्या स्क्रीनपुढे बसलेल्याच होत्या. भाईंनी मान वर केली, खिडकीकडेच बघत, आणि म्हणाले, "आजी, आज तुम्ही सांगा. काय हलते?"

आजींनी पदर सावरला आणि सांगायला लागल्या. झाड उभं आहे, हलत नाय. भाई म्हणाले, बरोबर. कोंबडी दाणा टिपते, टिपला, गप झाली. भाई म्हणाले, बरोबर, पुढे. बाई भात कांडते.

इथे आजी थांबल्या. आम्हाला वाटलं, पुढचं चित्र बघतायत. त्या बघत होत्या तेच चित्र.

"मुसळ वरच राहिलं," त्या म्हणाल्या. "हात दुखंल तिचा."

मी आणि संदीप दोघंही स्क्रीनवर वाकलो. बाई मुसळ वर धरून उभी, तशीच. ते चित्र आम्ही दोघांनी शंभरदा तरी बघितलं असेल. पण कांडायला लागली की झालं, असं म्हणून आम्ही पुढे सरकायचो. तिचा हात खाली येईपर्यंत आम्ही कधी थांबलोच नव्हतो.

"किती वेळा कांडलं?" भाईंनी विचारलं.

"दोनदा. तिसऱ्याला वर नेलं न् राहिली."

भाई खिडकीकडे तोंड करून बोटांवर मोजत होते. जिग्नेश स्टुलावरून उठून संदीपच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"संदीप," भाई म्हणाले, "एकदा कांडायला दोन सेकंद दिले तू. मी बोललो पाच सेकंदांत थांबव, म्हणून अडीच वेळा लिहिलं. बघ."

संदीपने कोड उघडला. अडीच लिहिलेलं होतं. जिग्नेशने ते वाचलं. मग त्याने वळून वडिलांच्या पाठीकडे बघितलं.

"दोन लिही," भाई म्हणाले. "अर्धं काम टाकून कोण थांबते?"

संदीपने दोन लिहिलं. पान पुन्हा उघडलं. आजी पुन्हा पहिल्यापासून बसल्या, झाड, कोंबडी, मग ती बाई. एकदा कांडलं. दुसऱ्यांदा कांडलं.

"आलं खाली," आजी म्हणाल्या.

"पास," भाई म्हणाले.

जिग्नेश जिना उतरून खाली गेला. आम्हाला गाडीचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. भाई उठले, पायात चपला घातल्या आणि टेबलावरचा चष्मा खिशात ठेवला. मी रडू नये म्हणून आजींच्या थैलीत साइटचे कागद भरत बसले.

जिन्यावर पावलं वाजली. जिग्नेश वर आला, हातात वडिलांची बॅग. त्याने ती भाईंच्या खुर्चीखाली सरकवली आणि गुजरातीत म्हणाला, "पप्पा, औषधं वरच्या कप्प्यात ठेवलीत."